रे. हेन्री मार्टिन : तब्रीझहून कॉन्स्टँटिनोपलकडे

रे. हेन्री मार्टिन यांचें नांव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या कानांवर आलेलें असेल. हिंदुस्थानी व फारसी या दोन भाषांत नव्या कराराचें भाषांतर करणारे पंडित म्हणून ते प्रसिद्ध आहेत. आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, परक्या मुलखांत, आपलें माणूस जवळ नसतां ते मरण पावले, एवढेंही बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु ते त्या मुलखांत कसे पोंचले, कोणत्या वाटेनें व कोणत्या रीतीनें निघाले, आणि तीच वाट व तीच रीत त्यांच्या वांट्यास कां आली, हें सहसा कोणी सांगत नाहीं. जे उपदेशकबंधु आठवड्यांतून चार गांवें पायीं फिरतात त्यांना हा प्रश्न क्षुल्लक वाटणार नाहीं. कोणत्या वाटेनें जावें, सोबत कोणाची घ्यावी, ओझें किती न्यावें, आणि आज निघावें कीं थोडें थांबावें, या गोष्टींवर कधीं कधीं मनुष्याचें सगळें आयुष्य अवलंबून असतें. म्हणून मार्टिनसाहेबांचें चरित्र आज या बाजूनें सांगण्याचें योजिलें आहे.

त्यांचा जन्म ता. १८ फेब्रुवारी १७८१ रोजीं इंग्लंडच्या नैर्ऋत्येस कॉर्नवॉल परगण्यांतील ट्रुरो या गांवीं झाला. वडील आरंभीं खाणींत मजुरी करीत. पाळी संपल्यावर जो वेळ मिळे त्यांत ते हिशेब शिकले, आणि पुढें एका व्यापाऱ्याच्या पेढीवर मुख्य कारकून झाले. मुलगा अंगानें किरकोळ, स्वभावानें तापट, परंतु बुद्धि विलक्षण. १७९७ सालीं तो केंब्रिज येथील सेंट जॉन्स कॉलेजांत दाखल झाला. १८०० सालीं वडील वारले, तेव्हां त्याच्या मनास धर्माचा पहिला खरा चटका लागला. आणि पुढच्याच वर्षीं गणिताच्या परीक्षेंत तो साऱ्या विद्यापीठांत पहिला आला. एवढा मान मिळूनही मन कोरडेंच राहिलें. पुढें रे. चार्ल्स सिमियन यांचा सहवास घडला, आणि अमेरिकेंतील मूळच्या रहिवाशांमध्यें सेवा करून तरुणपणींच क्षयानें मरण पावलेले डेव्हिड ब्रेनर्ड यांचें चरित्र हातीं आलें. त्यांतून परदेशीं जाण्याचा निश्चय झाला. १८०५ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या चॅप्लेनची नोकरी पत्करून मार्टिनसाहेब गलबतावर चढले. कॉर्नवॉलमध्यें लिडिया ग्रेनफेल या बाई मागें राहिल्या. त्यांच्यावर साहेबांचें अतिशय प्रेम होतें. परंतु त्या हिंदुस्थानांत येण्यास कधींच कबूल झाल्या नाहींत.

१८०६ च्या मे महिन्यांत ते कलकत्त्यास पोंचले. पुढें दानापूर व कानपूर येथील लष्करी ठाण्यांत त्यांची नेमणूक झाली. कानपुरास त्यांच्या आवारांत रविवारीं भिकाऱ्यांचा मोठा जमाव जमे आणि साहेब त्यांस भिक्षेबरोबर उपदेशही करीत. तेथें ऐकणाऱ्यांत शेख सालेह नांवाचे एक मुसलमान गृहस्थ होते. १८११ सालीं कलकत्त्यास त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि अब्दुल मसीह या नांवानें ते उत्तर हिंदुस्थानांतील नामांकित उपदेशक झाले. भाषांतराचें काम रात्रंदिवस चाललें होतें. हिंदुस्थानी नवा करार सिद्ध झाला, परंतु फारसी भाषांतर जाणत्या लोकांस पसंत पडेना. त्यांत अरबी शब्दांचा भरणा फार आहे, सामान्य मनुष्यास तें कळणार नाहीं, असा त्यांचा अभिप्राय पडला. इकडे साहेबांची छाती दुखूं लागली होती. त्यांच्या दोघी बहिणी क्षयानें गेल्या होत्या, व तीच व्याधि आपल्यामागें लागली आहे हें ते ओळखून होते. तेव्हां स्वतः इराणांत जाऊन तेथील विद्वानांच्या साह्यानें फारसी भाषांतर नव्यानें करावें, आणि समुद्राच्या हवेनें प्रकृतीसही आराम पडतो कीं काय तें पाहावें, असें ठरलें.

१८११ च्या जानेवारींत ते कलकत्त्याहून गलबतानें निघाले. याच गलबतावर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होते. त्यांचें नांव आम्हां मराठी लोकांस सांगावयास नको. ते त्याच वर्षीं पुण्यास रेसिडेंट झाले. वाटेंत गोव्यास थांबून मार्टिनसाहेबांनीं फ्रान्सिस झेवियर यांची कबर पाहिली. फेब्रुवारींत ते मुंबईस उतरले. तेथें सर जॉन माल्कम यांची गांठ पडली. माल्कम इराणांत वकील म्हणून जाऊन आलेले होते व त्या देशाचा इतिहास लिहीत होते. त्यांनीं ओळखीचीं पत्रें लिहून दिलीं. मार्चच्या अखेरीस साहेबांनीं मुंबई सोडली, आणि मे महिन्यांत ते इराणी आखातावरील बुशहर बंदरास लागले.

येथून त्यांचा खुष्कीचा प्रवास सुरू होतो. बुशहरहून शिराझ. मध्यें एकावर एक चढत जाणारे घाट. उन्हाळा भर कडक. हिंदुस्थानांत साहेब पालखींतून किंवा नावेंतून फिरत. इराणांत तसें कांहीं चालण्यासारखें नव्हतें. त्यांनीं इराणी पोषाख केला, दाढी वाढविली, आणि खेचरवाल्यांच्या काफल्याबरोबर ता. ३० मे रोजीं रात्रीं कूच केलें. काफल्याची रीत अशी कीं, रात्रभर चालावें आणि दिवस उगवल्यावर मुक्काम करावा. परंतु त्या दिवसांत मुक्काम हाच चालण्याहून जड होता. तंबूंत उष्णतामापकाचा पारा १२६ अंशांपर्यंत चढला. साहेब अंगाभोंवतीं ओला कपडा गुंडाळून जमिनीवर पडून राहत, आणि अशा रीतीनें त्यांचा जीव वांचला. दहा दिवसांत शिराझ आलें. काफला हळू चालतो म्हणून प्रवासी कुरकुरतात; पण दुबळ्या मनुष्यास तो बरा, कारण शंभर जनावरांची चाल एकाच्या इच्छेनें वाढत नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

शिराझ येथें जाफर अली खान या उदार गृहस्थांनीं त्यांस घरीं ठेवून घेतलें. त्यांचे आप्त मिर्झा सय्यद अली हे भाषांतरास बसले. जवळ जवळ एक वर्ष हें काम चाललें. शहरांतील मौलवी वाद करावयास येत, साहेब त्यांच्याशीं निर्भयपणें बोलत, आणि वाद संपल्यावर चहा होई. १८१२ च्या फेब्रुवारींत नवा करार पुरा झाला, मार्चमध्यें स्तोत्रसंहिता झाली. सुंदर अक्षरांत दोन प्रती लिहविण्यांत आल्या. एक शहा फत्ते अली यांस देण्यासाठीं व दुसरी युवराज अब्बास मिर्झा यांस देण्यासाठीं.

शहाच्या हातीं पुस्तक द्यावयाचें म्हणून मे महिन्यांत साहेब शिराझहून निघाले व इस्फहानावरून तेहरानकडे गेले. जून महिन्यांत ते वजिराच्या दरबारीं उभे राहिले. तेथें दोघां मौलवींनीं त्यांस अडविलें. इस्लामचा कलमा म्हणावा असा त्यांस आग्रह झाला. साहेबांनीं देव हा देव आहे एवढें मान्य करून येशूविषयीं आपली साक्ष दिली. सभा खवळली. पुस्तक पायांखालीं तुडविलें जाईल या भीतीनें त्यांनीं तें रुमालांत गुंडाळून उचललें आणि ते बाहेर पडले. मुख्य अडचण मात्र वेगळीच होती. इंग्रज वकिलाचें पत्र असल्यावांचून शहाची भेट होणार नाहीं असें त्यांस कळलें. वकील सर गोर औसली त्या वेळीं तब्रीझ येथें होते, आणि तब्रीझ तेथून आणखी तीनशें मैलांहून अधिक दूर. एका पत्रासाठीं आजारी मनुष्यास एवढी वाट तुडवावी लागली.

या वाटेवर साहेबांस व त्यांच्या सोबतीच्या दुसऱ्या इंग्रज पाद्र्यांस ताप आला. जवळचे पैसे संपले. अनोळखी परदेशी लोकांस कोणी उसने देईना. तेव्हां तब्रीझहून आलेला एक गरीब खेचरवाला त्यांच्यासाठीं जामीन राहिला, आणि त्यांस पांच तोमान मिळाले. त्या माणसाचें नांव कोठें लिहून ठेविलेलें नाहीं. सरदारांचीं व वजिरांचीं नांवें मात्र सर्व राहिलीं आहेत.

ता. ७ जुलै १८१२ रोजीं ते तब्रीझ येथें पोंचले आणि अंथरुणास खिळले. जवळ जवळ दोन महिने ताप होता. सर गोर व त्यांच्या पत्नी यांनीं घरच्या माणसाप्रमाणें त्यांची शुश्रूषा केली. शहाकडे जाण्याचें त्राण आतां साहेबांत राहिलें नव्हतें. पुस्तक मी स्वतः शहास देईन असें सर गोर यांनीं कबूल केलें. याप्रमाणें ज्या कामासाठीं ते आले तें दुसऱ्याच्या हातीं सोंपवून झालें, आणि आपण इंग्लंडास जाऊन प्रकृति सुधारावी, मग परत यावें, असें त्यांनीं मनांत आणिलें. इंग्लंडांत लिडिया ग्रेनफेल होत्या, हेंही विसरून चालणार नाहीं.

आतां तब्रीझहून इंग्लंडास जावें कसें? नकाशा पुढें घेतला म्हणजे त्या काळच्या चार वाटा दिसतात. पहिली, आले तशीच मागें बुशहरास जाऊन, तेथून मुंबई व मग आफ्रिकेला वळसा घालून गलबतानें. ही फारच लांबची, आणि आरंभीं पुनः तीच भट्टी. दुसरी, नैर्ऋत्येस बगदाद व तेथून वाळवंटांतून हलब शहर. तिसरी, उत्तरेस कॉकेशस पर्वत ओलांडून रशियांतून. परंतु इराण व रशिया यांचें युद्ध १८०४ पासून चाललें होतें; शिवाय १८१२ च्या जून महिन्यांत नेपोलियन प्रचंड सैन्यासह रशियांत शिरला होता. ती वाट बंदच म्हणावयाची. चौथी पश्चिमेची: एरिवान, कार्स, एर्झुरूम, तोकात, आणि शेवटीं तुर्की बादशाहीची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, जिला आज इस्तंबूल म्हणतात. साहेबांच्या हिशेबानें हें अंतर १३०० मैल होतें. वाट सरळ व वापरांतली होती. तिच्यावर इराणची हद्द संपून तुर्कांची सुरू होते, म्हणून दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांस पत्रें पाहिजेत. तीं सर गोर देऊं शकत होते. तेव्हां वाटेची निवड कठीण नव्हती.

कठीण होती ती रीतीची निवड. या रस्त्यावर दोन रीती होत्या. एक काफल्याची. व्यापाऱ्यांचे उंट व खेचरें जमेपर्यंत थांबावें, मग दिवसाकाठीं आठ दहा कोस चालावें; चोरांचें भय कमी, चाल मंद, मुक्काम ठरलेले. या रीतीनें १३०० मैलांस दोन महिन्यांहून अधिक लागले असते, आणि सप्टेंबरांत निघालेल्या मनुष्यास थंडीनें वाटेंतच गांठलें असतें. एर्झुरूमचें पठार समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांवर आहे. तेथें बर्फ लवकर पडतें. दुसरी रीत डाकेच्या घोड्यांची. ठराविक टप्प्यांवर सरकारी घोडीं बांधलेलीं असत. परवाना दाखवून ताजें घोडें घ्यावें व पुढें दौडावें. तुर्की राज्यांत अशा प्रवाशाबरोबर तातार म्हणून सरकारी जासूद देत. घोडीं मिळवावयाचीं, दाणापाणी पाहावयाचें, दरडावून काम करून घ्यावयाचें, हें सर्व तो करी. परंतु हे जासूद टपाल घेऊन रात्रंदिवस दौडणारे. त्यांची चाल तीच प्रवाशाची चाल. काफल्यांत मनुष्य शंभरांच्या पायानें चालतो, येथें एकाच्या.

मार्टिनसाहेबांनीं जलद रीत पत्करली. ही त्यांची चूक म्हणावी काय? प्रस्तुत लेखकास स्पष्ट सांगावेंसें वाटतें कीं, यांपैकीं कोणतीच रीत त्यांस सोसण्यासारखी नव्हती. ताप उतरून फार तर दोन आठवडे झाले होते. वसंत ऋतूपर्यंत तब्रीझ येथें राहणें हीच शहाणपणाची गोष्ट होती. त्यांनीं तसें केलें नाहीं. ता. २८ ऑगस्ट रोजीं लिडियाबाईंस लिहिलेल्या पत्रांत, वाटेंत आपण आजारी पडलों तर आपली अवस्था खरोखर कींव करण्याजोगी होईल, असें त्यांनीं कळविलें होतें. म्हणजे धोका त्यांस दिसत होता. देवाच्या सेवकांची प्रशंसा करतांना त्यांच्या उतावळेपणावर पांघरूण घालण्याची आमच्यांत एक खोड आहे. मार्टिनसाहेब आपल्या देहाशीं कधींच दयेनें वागले नाहींत, आणि ती गोष्ट त्यांच्या आवेशाइतकीच खरी आहे.

ता. २ सप्टेंबर १८१२ रोजीं ते निघाले. बरोबर दोन आर्मेनियन चाकर. त्यांपैकीं सर्जियस नांवाचा दुभाष्या म्हणून घेतलेला. त्याला तुर्की व फारसी दोन्ही येतात असें ठरलें होतें, परंतु त्याची फारसी फार थोडी आहे हें लवकरच उघडकीस आलें. एरिवान, कार्स व एर्झुरूम येथील सुभेदारांस आणि कॉन्स्टँटिनोपलच्या इंग्रज वकिलास दाखविण्यासाठीं सर गोर यांचीं पत्रें खिशांत होतीं. हवा गार होती, झरे वाहत होते, आणि आरंभींच्या दिवसांत साहेबांचें मन फार प्रसन्न होतें. अरास नदी ओलांडली. पुढें अरारात पर्वत दृष्टीस पडला, तेव्हां नोहा व त्याचें घराणें तारवांतून उतरून नव्या पृथ्वीवर पाऊल ठेवीत आहे असें चित्र त्यांच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. एरिवानच्या सरदारानें प्रथम त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. वकिलाचें पत्र वाचल्यावर मात्र त्याची वागणूक पालटली. तेहरानास जें नव्हतें तें येथें होतें.

सप्टेंबरच्या १२ तारखेस ते एच्मियाद्झिन येथें आले. हें आर्मेनियन मंडळीचें आद्यपीठ. चौथ्या शतकाच्या आरंभापासून तेथें ख्रिस्ती उपासना चालत आली आहे. तेथील साधूंनीं त्यांस भावासारखें वागविलें. मुख्य गोष्ट अशी कीं, हे लोक तुर्की रस्ता जाणणारे होते. त्यांनीं साहेबांचें सामान पाहिलें आणि हें असें चालणार नाहीं म्हणून सांगितलें. लांकडी पेट्या काढून त्यांच्या जागीं पिशव्या आल्या, कारण दौडत्या घोड्यावर पेटी टिकत नाहीं. घडीचें मेज व खुर्ची, कांहीं पुस्तकें, साखरेचा मोठा सांठा, हें सारें मागें ठेवावें लागलें. तुर्की हद्दींत लुटारूंचा उपद्रव इराणाहून जास्त म्हणून तरवार घेण्यांत आली, आणि मठांतील मेल्कोम नांवाचा विश्वासू सेवक त्यांच्याबरोबर देण्यांत आला. हीच सल्ला तब्रीझ येथें मिळाली असती तर! जो रस्ता आपण चाललों नाहीं त्याची माहिती तो चाललेल्याकडूनच घ्यावी लागते. मोठ्या वकिलातींत ती मिळत नाहीं.

ता. १७ रोजीं ते मठांतून निघाले आणि हद्द ओलांडून ता. २१ रोजीं कार्स येथें पोंचले. अवघ्या चार दिवसांची ही वाट. त्या वेळीं ती इराण व तुर्कस्थान यांमधली होती. पुढें रशियाची झाली, आणि आज एच्मियाद्झिन आर्मेनियांत व कार्स तुर्कस्थानांत आहे. १९९३ सालीं तुर्कस्थानानें ही हद्द बंद केली. १८१२ सालीं मात्र एका पत्रावर मनुष्य ती ओलांडीत असे.

ता. २५ रोजीं एर्झुरूम आलें. तेथें चार दिवस विसांवा मिळाला. ता. २९ रोजीं पुढें कूच केलें, आणि एक दोन दिवसांतच समोरून पळत येणारे लोक भेटूं लागले. कॉन्स्टँटिनोपलमध्यें प्लेगचा कहर चालला आहे, तोकातमध्येंही तो शिरला आहे, असें त्यांच्याकडून कळलें. आपण प्रत्यक्ष मरणाच्या तोंडाकडेच चाललों आहों हें साहेबांनीं आपल्या रोजनिशींत लिहिलें. मागें एर्झुरूमास फिरावें, कीं वाटेंतल्या एखाद्या खेड्यांत थांबावें, कीं पुढें जावें? परंतु आतां निवड त्यांच्या हातीं राहिली नव्हती. ती हसन नांवाच्या जासुदाच्या हातीं गेली होती.

या हसनविषयीं साहेबांच्या चरित्रकारांनीं फार कठोर लिहिलें आहे, आणि तें सकारणही आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत साहेबांस पुनः हुडहुडी भरून ताप येऊं लागला. तरी हसन त्यांस पहाटेपूर्वीं उठवी, दिवसभर दौडवी, रात्रीं पावसांतही थांबूं देईना. एके रात्रीं मुक्कामास तबेल्याजवळची जागा मिळाली. ताप भडकलेला, शेजारीं विस्तव धगधगत असलेला, आणि माणसांची दाटी. साहेबांनीं अखेर सामानाच्या ढिगांत डोकें खुपसून ओल्या भुईवर टेकविलें, तेव्हां कोठें त्यांस झोंप लागली. तरी हेंही म्हणणें प्राप्त आहे कीं, हसनला वेगानें पोंचविण्याचेंच काम माहीत होतें. प्लेगच्या मुलखांत रेंगाळण्याची भीति त्यालाही असेल. प्रस्तुत लेखक एकदां अंगांत ताप असतां रात्रीं मालमोटारींतून पंधरा कोस गेला आहे. हांकणारा दुष्ट नव्हता. त्याला फक्त उजाडण्यापूर्वीं माल उतरावयाचा होता, आणि मागें बसलेला मनुष्य कण्हतो कीं गातो हें त्यास ऐकूं येत नव्हतें.

ता. ६ ऑक्टोबर रोजीं ठाण्यावर घोडीं शिल्लक नव्हतीं. एवढ्याच कारणानें साहेबांस एक दिवस विश्रांति मिळाली. ते एका फळबागेंत जाऊन बसले. एकान्तांत देव हाच आपला सोबती, मित्र व सांत्वन करणारा आहे, या विचारानें त्यांस मोठी शांति वाटली. हा काळ संपून तो नवा आकाश व नवी पृथ्वी यांचा दिवस कधीं उगवेल, अशी आस त्यांनीं त्या दिवशीं लिहून ठेविली. रोजनिशीचें हें शेवटचें पान. पुढचीं दहा दिवस कोरीं आहेत. ता. १६ ऑक्टोबर १८१२ रोजीं तोकात येथें त्यांचा अंत झाला. तो प्लेगनें झाला कीं जुन्या क्षयानें व तापानें, याविषयीं चरित्रकारांचें एकमत नाहीं. तब्रीझ सोडून चव्वेचाळीस दिवस झाले होते. अर्ध्याहून अधिक वाट मागें पडली होती, आणि कॉन्स्टँटिनोपल सरळ रेषेंत मोजलें तरी अजून ४०० मैल होतें.

तोकात येथील आर्मेनियन ख्रिस्ती लोकांनीं त्यांस आपल्या स्मशानभूमींत पुरलें. पुढें बगदादचे इंग्रज रेसिडेंट क्लॉडियस रिच यांनीं त्या कबरेवर लॅटिन लेख असलेली शिळा बसविली, आणि बऱ्याच वर्षांनीं अमेरिकन मिशनऱ्यांच्या देखरेखीखालीं तेथें मोठें स्मारक उभें राहिलें. सोबतच्या आर्मेनियन माणसांमुळें त्यांचे कागद कॉन्स्टँटिनोपलास पोंचले व तेथून इंग्लंडास गेले. मरणाचें वर्तमान इंग्लंडांत १८१३ सालीं कळलें. १८१९ सालीं रे. जॉन सार्जंट यांनीं त्या कागदांवरून त्यांचें चरित्र प्रसिद्ध केलें. लिडिया ग्रेनफेल यांनीं लग्न केलें नाहीं. त्या १८२९ सालीं वारल्या.

आणि त्या पुस्तकाचें काय झालें तें सांगितलें पाहिजे. सर गोर औसली यांनीं आपलें वचन पाळून तें शहा फत्ते अली यांस दिलें, व शहाकडून त्याच्या पोंचीचें आदरपूर्वक पत्र आलें. १८१३ च्या ऑक्टोबर महिन्यांत गुलिस्तान येथें इराण व रशिया यांचा तह झाला आणि उत्तरेची बंद वाट खुली झाली. १८१४ सालीं सर गोर त्याच वाटेनें स्वदेशीं निघाले. त्यांच्या सामानांत मार्टिनसाहेबांच्या फारसी नव्या कराराची हस्तलिखित प्रत होती. सेंट पीटर्सबर्ग येथें रशियन बायबल सोसायटीनें तो छापावयास घेतला, त्याचीं मुद्रितें स्वतः सर गोर यांनीं तपासलीं, आणि १८१५ सालीं पुस्तक बाहेर पडलें. पुढच्या वर्षीं तें कलकत्त्यासही छापलें गेलें.